नवमीचा दोरा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी पावणेदहाला देवश्रीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर नेहमीचं निळं चित्र यायच्या जागी काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ आली: सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही, योग्य डिस्क लावून कोणतीही कळ दाबा. तिने कळ दाबली. तीच ओळ खाली पुन्हा आली. मशीन बंद करून तिने दहा आकडे मोजले आणि परत चालू केलं. तीच ओळ.

या मशीनमध्ये श्रावणीचे एक्केचाळीस व्हिडीओ होते, आणि उद्या साडेदहाला अमरावतीत ते डॉक्टरांना दाखवायचे होते.

श्रावणी साडेपाच वर्षांची. जूनपासून तिचं हे सुरू झालं होतं. खेळता खेळता, जेवता जेवता पोर मधेच थांबायची. नजर कुठेतरी अडकायची, पापण्या बारीक फडफडायच्या, आठ-दहा सेकंद तसेच जायचे, आणि मग अर्धवट राहिलेलं वाक्य ती तिथूनच पुढे सुरू करायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लक्ष नसतं. इथल्या, अकोल्यातल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, कल्पनेत रमणारी मुलं असतात अशी. यवतमाळला बँकेत असलेला देवश्रीचा नवरा श्रेयस फोनवर म्हणाला, "तू दिवसभर तिच्याकडे टक लावून बसतेस, मग ती तरी काय करेल?" आणि सासूबाई, ताराबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या देवश्रीला बघत राहायची सवय आहे. दूध उतू जायच्या आधी हिला दिसतं."

देवश्री बघत राहिली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, लग्नाआधी अमरावतीत दोन वर्षं कॉलेजात शिकवलेली बाई ती, तिला तक्त्याशिवाय चैन पडत नसे. तारीख, वेळ, किती सेकंद, तेव्हा श्रावणी काय करत होती. हाताशी फोन असला तर व्हिडीओ. फोनचं पोट लहान, म्हणून दर रविवारी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ती फोन रिकामा करायची. मागच्या बुधवारी शाळेसमोरचा रस्ता ओलांडताना श्रावणी रस्त्याच्या मधोमध तशीच थांबली. समोरून ऑटो येत होता. देवश्रीने तिला दंडाला धरून ओढली तेव्हा ऑटोवाला ओरडला, "पोरीले सांभाळा ना बाई." त्या रात्रीपासून देवश्रीला झोप नव्हती.

मेंदूचे डॉक्टर नागपूरहून महिन्यातल्या पहिल्या शनिवारी अमरावतीला यायचे. नंबर मिळायला सात आठवडे लागले होते. फोनवरच्या बाईने बजावलं होतं, "असं होतानाचे व्हिडीओ आणा. नुसतं सांगून काही कळत नाही."

आता ते व्हिडीओ या काळ्या पडद्याच्या मागे होते.

तिने आधी दोन्ही पेनड्राइव्ह काढले. मशीन कधीकधी पेनड्राइव्हवरूनच सुरू व्हायला बघतं आणि अडतं, हे तिला ठाऊक होतं. काही फरक नाही. मग चालू होतानाच डिलीटची कळ दाबून धरली, तसं मशीनच्या स्वतःच्या सेटिंगचं पान उघडलं. कोणकोणते भाग जोडलेत त्याची यादी तिथे असते. यादीत सीडीच्या खणाचं नाव होतं. हार्ड डिस्कच्या जागी कोरं. तिने फोनने त्या पानाचा फोटो काढला. का काढला, विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, सवय.

"विपुलला बोलाव," सासरे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले. "तो बघेल. तू हात लावू नकोस."

सासरे म्हणजे कमलाकांत गुरुजी. जठारपेठेतल्या निम्म्या घरांच्या वास्तुशांती त्यांच्या हातच्या. पत्रिका मात्र आठ वर्षांपासून कॉम्प्युटरवर करायचे, त्यामुळे मशीन कायद्याने त्यांचंच. खंडेनवमीला घरात पूजा असायची. सुरी, कात्री, शिवणयंत्र, श्रेयसची गाडी आणि कॉम्प्युटर. गंध, फूल, आणि प्रत्येकाला लाल दोऱ्याचे तीन वेढे. तो दोरा कोजागरीच्या चंद्राला ओवाळल्यावरच सोडायचा, अशी त्यांच्या घरची रीत. दसऱ्यापर्यंत वस्तू वापरायची नाही, दसऱ्यानंतर दोऱ्यासकट वापरायची.

दर वर्षी दोरा कीबोर्डला बांधला जायचा. यंदा गुरुजींनी तो आत बांधला होता. उन्हाळ्यात मशीन तापतं म्हणून डब्याचं एका बाजूचं झाकण दोन वर्षांपासून माळ्यावरच पडलेलं. आतलं सगळं उघडं. मागे कधीतरी विपुल बोलून गेला होता, "गुरुजी, जे काई हाय ते या डब्बीत हाय, बाकी नुसता सांगाडा." ते गुरुजींच्या मनात राहिलं. नवमीला ते म्हणाले, "इतकी वर्षं मूर्ती सोडून देव्हाऱ्याचीच पूजा करत होतो." आणि त्यांनी हार्ड डिस्कला गंध लावलं, झेंडू खोचला, आणि तीन वेढे घालून चांगली पक्की गाठ मारली.

विपुल अकरा वाजता आला. पातूरकडच्या शेतकरी घरातला, जठारपेठेत कोपऱ्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान. गुरुजींच्या पाया पडून तो खाली मांडी घालून बसला, देवश्रीने केलं तेच सगळं त्याने केलं, टॉर्च मारून आत पाहिलं आणि उठला.

"डिस्क मेली, वहिनी."

"कशावरून?"

"दिसूनच नाही राहिली ना. यादीतच नाही. नवी टाकतो, विंडोज टाकतो, चार वाजता चालू करून देतो. फष्टक्लास पळन."

"आणि आतलं?"

"आतलं गेलं समजा. तुमाले पायजेच असन तर पुण्याले पाठवा लागते, महिना दीड महिना जाते. तेबी निघन का नाही, सांगता येत नाही."

"दिसत नाही म्हणजे मेली?"

विपुलने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी वर्तमानपत्र वाचत होते. "मंग काय म्हणाव, वहिनी?"

देवश्री खाली बसली. मशीन चालूच होतं. तिने झेंडूच्या बाजूने हात आत घातला आणि तळवा डिस्कवर टेकवला. डिस्क कोमट होती. तळव्याला अगदी बारीक थरथर लागत होती. श्रावणीला ताप असला की तिच्या पाठीवर हात ठेवून देवश्री अशीच बसायची.

"फिरते आहे ती," ती म्हणाली. "हात लावून बघा."

"फिरून राहिली म्हणजे जित्ती थोडीच झाली. मोटर फिरते, आतली सुई गेली असन."

"गेली असेल. म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"वहिनी, मी धा वर्षांपासून हेच काम करून राहिलो."

"ते मी नाही विचारलं. वीज पोचते आहे म्हणून ती फिरते. मग माहितीची वायर पोचते आहे का, ते पाहिलंत?"

"लागूनच हाय केबल. पाह्यली मी टॉर्च मारून."

"काढून परत लावा."

विपुलने डोकं खाजवलं. माहितीची वायर लाल, चपटी. गुरुजींचा दोराही लाल. तीन वेढ्यांत डिस्कचं मागचं टोक आणि वायर दोन्ही एकत्र आवळली गेली होती, आणि गाठीवर वाळका झेंडू बसला होता. "दोरा सोडल्याशिवाय ते निंगत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "अन् दोरा मी नाही सोडत. माह्या लग्नातलं कंकण गुरुजीनंच बांधलं होतं. मी दोन दिवस आधी काढलं तं वरातीची जीप मूर्तिजापूरच्या पुढं बंद पडली. आमची घरवाली आशाबाई आजपावतर बोलते मले."

"कंकणामुळे जीप बंद पडली?"

"डिझल संपलं होतं," विपुल म्हणाला. "पण कावून संपलं?"

विपुलने पेचकस पिशवीत टाकला. डिस्क काढून दुकानात नेतो म्हणाला. देवश्रीने मशीनवर हात ठेवला. "इथून काही हलणार नाही. आणि त्यावर नवीन काही लिहायचंही नाही." विपुल निघाला तेव्हा दारात गुरुजींना हळूच म्हणाला, "वहिनीले जरा टेन्शन हाय." देवश्रीला ते ऐकू गेलं. ऐकू जावं म्हणूनच तो बोलला असावा.

श्रावणी शेजारच्या खोलीत आपट्याच्या पानांचं दुकान मांडून बसली होती. देवश्रीने दारातून एकदा पाहिलं. पानं मोजली जात होती: एक, दोन, तीन, चार. ठीक. ती परत आली आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"बाबा, दोरा सोडायला लागेल."

कमलाकांत गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. "सोमवारी कोजागरी. चंद्र दिसला की मीच सोडीन."

"उद्या अमरावती आहे."

"मग पुढच्या महिन्यात जा. सात आठवडे थांबलीस, आणखी चार थांब. आणि तुला एक सांगू? तिला काही झालेलं नाही. आमचे आजोबा असेच थांबायचे. घास हातात, नजर वर. लोक नमस्कार करून जायचे."

"त्याच आजोबांचा हात चुलीत भाजला होता," स्वयंपाकघरातून ताराबाईंचा आवाज आला. "ते नाही सांगत कधी."

"तू मधे बोलू नकोस."

"मी कुठे बोलते आहे, मी भाजी चिरते आहे."

सहा वर्षांत देवश्री या माणसासमोर मोठ्याने बोलली नव्हती. वाईट माणूस नव्हता तो. श्रावणीला खांद्यावर घेऊन त्यांनीच अख्खं राजेश्वर मंदिर फिरवलं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर रस्त्याच्या मधोमध उभी असलेली पोर होती, आणि पुढचे चार आठवडे म्हणजे दिवाळीची सुट्टी वगळली तरी शाळेचे बारा दिवस, चोवीस वेळा तो रस्ता. हा हिशेब तिने सकाळीच मांडला होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी विचारत नाहीये. सांगते आहे."

वर्तमानपत्र गुरुजींच्या मांडीवरून घसरलं. "पिढ्यानपिढ्या या घरात नवमीचा दोरा कोणी तोडलेला नाही."

"पिढ्यानपिढ्या या घरात कॉम्प्युटरही नव्हता."

"काही अघटित झालं म्हणजे?"

"ते माझ्या नावावर टाका. आतापर्यंत जे घडलं तेही माझ्याच नावावर आहे. मी बघते म्हणून पोर थांबते, असंच म्हणता ना सगळे?"

स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला.

देवश्रीने मशीनची वायर भिंतीतून काढली. श्रावणीची नखं कापायची छोटी कात्री आणली. आधी फोटो काढला, मग झेंडू उचलून नीट पाटावर ठेवला. फुलाशी तिचं भांडण नव्हतं. गाठ सोडवायला जाऊन तिने दोनदा नखं मोडून घेतली. गुरुजींची गाठ होती, लग्नं टिकवणारी. तिसऱ्यांदा तिने कात्री चालवली.

वेढे सैल झाले तशी लाल वायर एकदम मोकळी झाली आणि तिच्या बोटांत आली. टोकाचा खटका, डिस्कमध्ये बसणारा, अर्धा बाहेर होता. दोरा आवळताना तो ओढला गेला होता, आणि गाठीखाली, फुलाखाली, कुणाला दिसला नव्हता. नवमीपासून आज सकाळपर्यंत मशीन कुणी चालूच केलं नव्हतं, मग कळणार कसं.

तिने खटका सरळ धरून आत दाबला. टक् असा आवाज आला.

गुरुजी आता तिच्या मागे येऊन उभे होते. तिने वायर भिंतीत लावली, बटण दाबलं.

काळा पडदा. पांढरी ओळ. सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

"बघ," गुरुजी म्हणाले. त्यात आनंद नव्हता, हे तिला पुढे कधीतरी आठवलं. त्या क्षणी मात्र तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांबा," ती म्हणाली.

पुन्हा बंद, पुन्हा चालू, डिलीटची कळ. यादी उघडली. सकाळच्या फोटोत जिथे कोरं होतं, तिथे आता डिस्कचं नाव होतं, पुढे आकडा. तिने फोन पडद्याशेजारी धरून दोन्ही ताडून पाहिलं. मग कुठे अडलं? बाण खाली नेत नेत ती, मशीनने कोणत्या भागावरून सुरू व्हायचं, त्या क्रमाच्या पानावर आली. पहिला नंबर सीडीच्या खणाला. दुसऱ्या नंबरवर काहीच नाही. डिस्क गायब झाल्यावर मशीनने तिला रांगेतून काढून टाकलं होतं, आणि डिस्क परत आली तरी कुणी तिला रांगेत घेतलं नव्हतं. देवश्रीने डिस्कला पहिला नंबर दिला, बदल जतन केला, आणि हात मांडीखाली दाबून बसली.

निळं चित्र आलं. मग गोल फिरणारे ठिपके. मग गणपतीचा तो जुना फोटो, त्यावर गुरुजींच्या पत्रिकांच्या पिवळ्या फायली, आणि डाव्या कोपऱ्यात एक: श्रावणी.

तिने आधी सगळं दोन पेनड्राइव्हवर उतरवलं. मग फोनवर. ताराबाई ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभ्या होत्या.

"लाव की एखादा," त्या म्हणाल्या. "बघू तरी काय एवढं आहे."

देवश्रीने सतरा ऑगस्टचा लावला. ओट्याजवळची छोटी खुर्ची, श्रावणी पोहे खाते आहे. चमचा तोंडाकडे जाता जाता थांबतो. पापण्या फडफडतात. चमचा हळूहळू कलंडतो, पोहे मांडीवर सांडतात. आणि मागून, पडद्याबाहेरून, आवाज येतो: "श्रावू, लिंबू पिळू का? ए श्रावू. अगं, तुझ्याशी बोलते आहे. बघा, उत्तर नाही देत. आईवर गेली आहे अगदी." मग श्रावणी मांडीवरच्या पोह्यांकडे बघते आणि कुणी सांडले ते तिला कळत नाही.

ताराबाईंनी स्वतःचा आवाज ओळखला. त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

"परत लाव."

तिने परत लावला.

"मला वाटलं, हट्ट करते आहे," ताराबाई म्हणाल्या. "किती वेळ होतं ते?"

"अकरा सेकंद."

गुरुजींच्या हातात कापलेला दोरा होता. तो त्यांनी बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "दुसरा लाव," ते म्हणाले. दुसऱ्यानंतर तिसरा. सहावा संपला तेव्हा त्यांनी विचारलं, "गाडी किती वाजताची आहे?"

"सहा पन्नासची बस."

"हं." ते उठले, दोरा देवघरात ठेवून आले. दारात थांबून म्हणाले, "पुढच्या नवमीला बाहेरूनच बांधू."

"बाहेरूनही मला विचारून बांधायचा, बाबा."

त्यांनी मान हलवली. होकार होता की नवल, ते तिने तपासलं नाही.

विपुलला तिने फोन केला. "केबल होती."

"मंग मी काय म्हनलो होतो, वहिनी? केबल एकदा पाहा लागन."

"तुम्ही म्हणाला होता नवी टाका."

"तेबी म्हनलो होतो," विपुल म्हणाला.

शनिवारी अमरावतीला ताराबाई सोबत आल्या. कुणी या म्हणालं नव्हतं. पहाटे त्या लुगडं नेसून, दशम्यांचा डबा घेऊन दाराशी उभ्याच होत्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाच व्हिडीओ पाहिले, तक्ता वाचला, आणि श्रावणीच्या हातात एक कागदाचं भिरभिरं देऊन म्हणाले, फुंकर मार, थांबू नकोस. श्रावणी फुंकत राहिली. दीड मिनिटाने भिरभिरं मंदावलं. थांबलं. पापण्या फडफडल्या. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते.

"हे झटकेच आहेत," ते म्हणाले. "यात अंग आखडत नाही, पोर पडत नाही, म्हणून लोकांच्या ध्यानात येत नाहीत. एक तपासणी करू आणि औषध सुरू करू. बहुतेक मुलांना औषधाने चांगला आराम पडतो." मग तक्ता उचलून, "एवढ्या नोंदी कुणी ठेवल्या?"

देवश्रीने तोंड उघडलं, पण ताराबाई आधी बोलल्या. "आमच्या सुनेनं. तिला बघत राहायची सवय आहे."

परतीच्या बसमध्ये श्रावणी खिडकीशी, मधे ताराबाई, कडेला देवश्री. पिशवीत औषधाची बाटली होती आणि दुसरा पेनड्राइव्ह. मूर्तिजापूर सुटल्यावर देवश्रीचा डोळा लागला. किती दिवसांनी, कोण जाणे. कुणीतरी कोपराने ढोसलं तेव्हा ती दचकून जागी झाली. श्रावणीच्या हातात शेंगदाणा होता, तोंडाकडे जाता जाता थांबलेला. बाहेर कापसाची शेतं मागे पळत होती, तिची नजर मात्र काचेवर अडकलेली. ताराबाईंनी एक हात नातीच्या दंडाशी धरला होता आणि दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांवर त्या ओठातल्या ओठात मोजत होत्या.

शेंगदाणा तोंडात गेला. "आजी, शेत कधी संपणार?" श्रावणीने विचारलं.

"नऊ," ताराबाई म्हणाल्या. "लिही."